दुरुस्तीसाठी खोली खाली करा म्हणतात, सही करावी का?

खोली_नंबर_२३
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येतो, आज धागा काढायची वेळ आली.

गिरगावात आमची पागडीची (म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यावर घेतलेली) खोली आहे. तिसरा मजला, १० बाय १६, मोरी आत, संडास बाहेर सामाईक. आजोबांनी घेतलेली. मी आता विरारला असतो, आई एकटी तिथेच राहते, वय ७४. भाडं महिना २१२ रुपये, पावत्या सगळ्या आहेत.

गेल्या आठवड्यात शेठचं पत्र आलं. मजकूर थोडक्यात असा, की इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं, इमारत सी-१ वर्गात आली, तातडीची दुरुस्ती करायची आहे, त्यामुळे ३० दिवसांत खोली रिकामी करून ताबा द्यावा, 'आपली भाडेदारी त्या तारखेपासून संपुष्टात येईल'. पत्राबरोबर पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला एक कागद. त्यात आई 'स्वेच्छेने जागेचा ताबा सोडत आहे' आणि दुरुस्तीनंतर 'मालक योग्य तो विचार करतील' असं लिहिलंय. रविवारी शेठचा पुतण्या सही घ्यायला येणार आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या चौघांनी सह्या केल्यात म्हणे.

इमारत वाईट आहे हे खोटं नाही. आमच्या दारासमोर पॅसेजमध्ये दोन वर्षांपासून लोखंडी टेकू उभे आहेत. आई त्यांच्यामध्ये दोरी बांधून कपडे वाळत घालते. मागच्या पावसाळ्यात मोरीवरचा गिलावा पडला तो थेट दुधाच्या पातेल्यात. ती त्या वेळी पूजेला बसली होती म्हणून वाचली.

काय करू? सही करून तिला विरारला घेऊन येऊ? ती म्हणते, 'मी इथून हलले की खोली गेली.'

आगाऊ_कार्टं
सही करू नका. संपला धागा.

कोर्टाची_पायरी
कार्ट्या, थांब जरा.

२३ नंबर, मी वकील नाही. धोबीतलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात एका वकिलांच्या हाताखाली कारकुनी करण्यात २९ वर्षं गेली, एवढीच माझी पात्रता. सल्ला वकिलाचाच घ्या, पण तिथे जायच्या आधी डोक्यात काही गोष्टी पक्क्या असू द्या.

पहिली म्हणजे, पत्र पाठवल्याने भाडेदारी संपत नाही. पागडीच्या भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. मालकाला ताबा हवा असेल तर कोर्टात दावा लावावा लागतो आणि कलम १६ मधलं कारण सिद्ध करावं लागतं. दुरुस्ती हे त्यातलं एक कारण आहे, १६(१)(एच). पण त्याचे शब्द नीट बघा. जागा रिकामी केल्याशिवाय करताच येणार नाही अशी दुरुस्ती असली पाहिजे, आणि मालकाचा हेतू खरा असला पाहिजे. गिलावा मारायला आणि रंग काढायला कुणाला घराबाहेर काढता येत नाही.

दुसरी, आणि ही लोकांना माहीतच नसते. दुरुस्तीच्या कारणावर हुकूमनामा झाला, तरी कलम १७ प्रमाणे कोर्टाला भाडेकरूला विचारावं लागतं की बाबा, तुला परत यायचंय का? तो हो म्हणाला की ते हुकूमनाम्यातच नोंदलं जातं. म्हणजे दुरुस्तीसाठी बाहेर जाणं हे परत येण्यासाठीच असतं. कायदा ज्या मालकाला दुरुस्तीसाठी जागा देतो, त्याच दमात त्याला ती परत करायला लावतो.

आता तुमच्या कागदाकडे या. 'स्वेच्छेने ताबा सोडत आहे.' आमच्या वकीलसाहेबांच्या टेबलावर असे कागद आले की ते चष्मा काढून ठेवायचे आणि म्हणायचे, गेलं हे बिऱ्हाड. हा सरळ भाडेहक्क सोडल्याचा कागद आहे. एकदा त्यावर आईची सही झाली की कलम १६ पण नाही आणि १७ पण नाही. मालकाला कोर्टात जायची गरजच उरली नाही, तुम्हीच किल्ली हातात दिलीत.

लादीकाम
मी सिव्हिलवाला. शेकडो जुन्या इमारती पाहिल्यात, त्यातल्या निम्म्या सी आणि डी वॉर्डातल्या.

मला त्या पत्रातली एक गंमत दिसली, ती कुणी बोललं नाही. इमारत सी-१ असेल तर दुरुस्ती कसली? आणि दुरुस्ती करायची असेल तर सी-१ कसलं?

महापालिकेचे वर्ग असे आहेत. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा काही भाग पाडून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे मोठी दुरुस्ती, पण माणसं आत राहूनच. सी-३ किरकोळ. पत्रात वर्ग पहिला आणि काम दुसऱ्या-तिसऱ्याचं. म्हणजे एकतर शेठला फरक माहीत नाही, किंवा चांगलाच माहीत आहे.

ऑडिट रिपोर्टची प्रत मागा, पूर्ण, फोटो आणि चाचण्यांच्या तक्त्यांसकट. गिरगावातली जुनी चाळ म्हणजे बहुधा लाकडी सांगाडा, बर्माटीकच्या तुळया, मधे विटांचं बांधकाम, आणि नंतर कधीतरी संडासाच्या बाजूला लोखंडी गर्डर घालून काँक्रीट केलेलं. असल्या इमारतीच्या रिपोर्टमध्ये मी 'रिबाउंड हॅमरचे निकाल' वाचलेत. ती चाचणी काँक्रीटची असते! तीन मजले लाकडाचे, हातोडी मारली कुठे साहेबांनी? मी विचारलं, तर म्हणाले, 'तळमजल्याच्या दुकानाच्या नवीन ओट्यावर.'

खरं दुखणं जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी असतं, संडास-मोरीच्या भिंतीत तुळईचं जे टोक घुसलेलं असतं तिथे. पन्नास-साठ वर्षं पाणी झिरपून ते टोक कुजतं, लोखंडी असेल तर पापुद्रे सुटतात. वरून रंग लावलेला असतो, दिसत नाही. पेचकस टोचून बघायचा. दोन इंच आत गेला की समजायचं.

तुमचे टेकू कुठे आहेत नक्की? पॅसेजमध्ये, की मोरीच्या रांगेत?

खोली_नंबर_२३
मोरीच्या रांगेतच, पॅसेजच्या बाजूने. काल आईला व्हिडिओ कॉलवर फिरवून बघितलं. टेकूवरची फळी एका बाजूला वाकलीय.

लादीकाम
फळी वाकलीय म्हणजे वजन टेकूवर आलंय, टेकू शोभेचा नाही. कागदाचं काय व्हायचं ते होईल, पण पावसाआधी आईंना त्या खोलीत झोपू देऊ नका.

प्रतीक्षानगर
सही आणि झोपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कुणीतरी बोललं, बरं झालं.

आमची चाळ परळला होती. मी तेव्हा सहावीत. म्हाडाच्या बोर्डाने धोकादायक म्हणून रिकामी केली आणि आम्हाला ट्रान्झिटला, म्हणजे तात्पुरत्या संक्रमण शिबिरात पाठवलं, सायनच्या प्रतीक्षानगरला. 'सहा महिने, फार तर वर्ष.' माझं लग्न ट्रान्झिटमधून झालं. मुलाचं बारसंही तिथेच. बाबा वारले तेव्हा पिशवीत व्हेकेशन नोटीस (चाळ रिकामी करायला लावल्याचा कागद) होती, प्लास्टिकमध्ये घातलेली, देव्हाऱ्याच्या मागे ठेवलेली. आई बँकेच्या पासबुकापेक्षा तिला जपायची. पुढे बृहतसूचीसाठी, म्हणजे कायमचं घर मिळायचं राहिलेल्यांच्या म्हाडाच्या यादीसाठी, अर्ज करताना तीच नोटीस आणि जुन्या भाडेपावत्या कामी आल्या. आमच्या मजल्यावरच्या तिघांकडे त्या नव्हत्या, त्यांच्या फेऱ्या अजून चालू आहेत.

माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका, पण हातात कागद आल्याशिवाय दार ओढून घेऊ नका. आणि कागदासाठी छताखाली बसूनही राहू नका. २०१७ला भेंडीबाजारची हुसैनी इमारत पडली तेव्हा ३३ माणसं गेली. २०१९च्या जुलैत डोंगरीची केसरबाई, २०२०च्या जुलैत फोर्टची भानुशाली. दर पावसाळ्याला आम्ही टीव्हीसमोर गप्प बसतो.

मुलुंडची_सुमा
मधेच विचारते, माफ करा. आम्ही लिव्ह अँड लायसन्सवर आहोत, २४ महिन्यांचा करार, रजिस्टर्ड. ९ महिने झालेत. मालक म्हणतात, सोसायटी मोठी दुरुस्ती काढतेय, बाहेरून परांची लागणार, तुम्ही महिनाभरात सोडा. आम्हालाही हे कलम १६, १७ लागू होतं का?

कोर्टाची_पायरी
नाही ताई. तुम्ही भाडेकरू नाही, परवानाधारक. तुमचं सगळं करारात. 'लॉक-इन' (ठराविक महिने करार मोडायचा नाही अशी अट) आहे का, नोटीस किती, नोटीस दोघांनाही लागू की फक्त तुम्हाला, हे बघा. मुदत असताना मालकाला कराराप्रमाणेच वागावं लागतं. परांची लागली म्हणून करार मोडत नाही. पण मुदत संपल्यावर एक दिवसही ताणू नका. कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे मालकाचं काम तुलनेने लवकर होतं आणि बसलेल्या दिवसांचे दुप्पट पैसे लागू शकतात. घासाघीस करायची तर डिपॉझिट एकरकमी, त्याच दिवशी, किल्लीच्या बदल्यात, आणि मुदतीआधी जायला लावलं म्हणून टेंपोचा खर्च. बाकी वेगळा धागा काढा, इथे २३ नंबरचं चालू आहे.

मुलुंडची_सुमा
धन्यवाद काका. बघितलं, लॉक-इन १२ महिन्यांचा आहे आणि दोघांनाही आहे! आज रात्री बोलते त्यांच्याशी.

मालकही_माणूस
इथे सगळे भाडेकरूच दिसतात, म्हणून दुसरी बाजू.

माझी लालबागला चाळ आहे. वडिलोपार्जित. ३० खोल्या, सरासरी भाडं १५० रुपये. महिन्याला साडेचार हजार, तेही सगळे देतील तेव्हा. भाडेकरूंच्या मुलांनी खारघर, बदलापूरला फ्लॅट घेतलेत, चाळीतल्या खोलीत गणपतीला पाच दिवस दिवा लागतो. त्या साडेचार हजारात मी तुळया बदलू? एका बर्माटीक तुळईचा भाव तरी माहीत आहे का?

आणि कायदा म्हणतो, दुरुस्ती मालकाची जबाबदारी. कलम १४. वर्षाला ४ टक्के भाडेवाढ. १५० वर ६ रुपये! यांच्या चहाला पुरत नाहीत.

वर सरकारने १९८६ला म्हाडा कायद्यात प्रकरण घुसवलं की ७० टक्के रहिवाशांनी मागितलं तर इमारत संपादित करून त्यांना द्यायची, मोबदला १०० महिन्यांचं भाडं. म्हणजे माझ्या अख्ख्या चाळीचे साडेचार लाख! मालक त्यावर कोर्टात गेले, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपर्यंत पोचलं आणि ५ नोव्हेंबर २०२४ला निकाल आला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही काही समाजाची भौतिक संपत्ती धरता येत नाही. तीन दशकं लागली एवढं ऐकायला.

त्या पुतण्याचा कागद मी बरोबर म्हणत नाही. पण दर वेळी मालक म्हणजे राक्षस असं नसतं.

आगाऊ_कार्टं
मालकशेठ, पागडीच्या खोलीची खरेदी-विक्री झाली की तिसरा हिस्सा कोण घेतं ते पण लिहा ना.

मालकही_माणूस
घेतो. पागडी आता कायदेशीर आहे, कलम ५६ वाच. गेल्या दहा वर्षांत माझ्याकडे दोन खोल्या विकल्या गेल्या. त्या पैशांतून छपरावरचे मंगलोरी कौल बदलले. फोटो टाकू?

आगाऊ_कार्टं
नको, मानलं.

लादीकाम
मालकसाहेबांचं गणित खरं आहे हो. कलम १४ चं दुसरं टोक बघा. मालकाने दुरुस्ती केली नाही तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः करू शकतो आणि भाड्यातून वळती करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. २१२ रुपये भाडं म्हणजे वर्षाचे २५४४, त्याचा चौथा हिस्सा ६३६. एवढ्यात गवंड्याचा एक दिवस भरत नाही. कायदा दोघांनाही हक्क देतो, पैसा कुणालाच देत नाही. म्हणून शेवटी सगळे बिल्डरच्या दारात.

कोर्टाची_पायरी
म्हणूनच २३ नंबरने आधी बघावं, इमारत उपकरप्राप्त आहे का. गिरगावात बहुतेक आहेतच. १ सप्टेंबर १९४० च्या आधीची असेल तर 'अ' वर्ग, त्यानंतर १९५० अखेरपर्यंत 'ब', आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची 'क'. मालमत्ता कराच्या बिलावर दुरुस्ती उपकर दिसतो. तो भरला जात असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाला या इमारतीशी देणंघेणं आहे. मग आपल्या वॉर्डच्या कार्यकारी अभियंत्याला लेखी कळवा की टेकूची फळी वाकलीय. पोच घ्या. तोंडी सांगून आलात तर ते सांगणं गिरगाव चौपाटीवर लिहिल्यासारखं.

आणखी एक शक्यता. पत्रात 'दुरुस्ती' लिहायचं, माणसं बाहेर काढायची आणि मग पुनर्विकास करायचा. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात, म्हणजे विकास नियमावलीच्या ३३(७) मध्ये, पात्र निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली जागा) मिळतं. तुमची खोली १६० ची. आता विचार करा, आईची 'स्वेच्छेने' सही झाली असेल तर ते ३०० फूट कुणाच्या वाट्याला जातील?

पण उलटंही सांगतो. उद्या ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीने रीतसर योजना मंजूर झाली आणि आई एकटीच अडून बसली, तर म्हाडा कायद्याच्या कलम ९५-अ खाली बाहेर काढता येतं. तेव्हा अडून बसण्याचा हट्ट नको.

खोली_नंबर_२३
डोकं गरगरतंय. पण बरंच कळलं. कराचं बिल मिळालं, उपकर आहे. 'अ' वर्ग.

शनिवारी मी आणि पहिल्या मजल्यावरचे नाना शेठकडे जाऊन आलो. ऑडिट रिपोर्ट मागितला. पुतण्या म्हणाला, 'देतो, देतो.' मोठे शेठ ८० च्या पुढचे, खाटेवर पडून होते. त्यांनी आईची चौकशी केली. बाबा त्यांच्याबरोबर एकाच शाळेत होते. पुतण्याला म्हणाले, 'वहिनींना त्रास देऊ नको.' पुतण्याने मान हलवली आणि बाहेर जिन्यात मला सांगितलं, 'काकांचं वय झालंय. आता सगळं माझ्या नावावर आहे.'

एक शंका. आईला मी विरारला आणली आणि खोलीला कुलूप राहिलं, तर सहा महिने बंद जागा म्हणून हक्क जातो असं नाना म्हणतात. खरं आहे का? ते म्हणतात, म्हणून तर शेठला आई बाहेर हवी.

कोर्टाची_पायरी
नानांनी अर्धं बरोबर सांगितलं. १६(१)(एन). दाव्याच्या आधी सलग सहा महिने, *वाजवी कारणाशिवाय*, जागा वापरली नाही तर मालकाला कारण मिळतं. छत डोक्यावर येईल ही भीती वाजवी कारण नाही तर काय? पण ते कारण आज कागदावर आणा. शेठला पत्र: मोरीच्या रांगेतला टेकू वाकला आहे, दुरुस्ती झालेली नाही, जिवाला धोका असल्याने मी तात्पुरती मुलाकडे राहत आहे, भाडेहक्क कायम आहे, सामान खोलीतच आहे. एक प्रत मंडळाला, एक महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला. स्पीड पोस्टाने. पावती आणि ट्रॅकिंगचा कागद जपून ठेवा. विजेचं बिल भरत राहा. भाडं देत राहा. घेतलं नाही तर मनीऑर्डर करा, परत आली तर ती परत आल्याची चिठ्ठी सोन्यासारखी ठेवा. महिन्यातून एकदा जाऊन दार उघडा, दिवा लावा, शेजाऱ्यांशी बोला.

पाणी-वीज तोडली तर कलम २९ आहे. मालकाला अत्यावश्यक सेवा बंद करता येत नाही, कोर्ट पूर्ववत करायला लावतं.

प्रतीक्षानगर
आणि मोजमाप! इमारत उभी आहे तोवर खोलीचं मोजमाप करून घ्या. मोरी धरून. भिंतीच्या आतून आतपर्यंत.

कोर्टाची_पायरी
हे लाखमोलाचं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ला धोकादायक इमारतींबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं घातली त्यात हेच आहे. पाडण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातलं क्षेत्र मोजून नोंदवायचं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इमारत जमीनदोस्त झाली म्हणून भाडेदारी जमीनदोस्त होत नाही. आधी उलटा निकाल होता, तो बदलला. आई म्हणते ना, 'हलले की खोली गेली'? त्यांना सांगा, भिंती गेल्या तरी खोली जात नाही, कागद गेला तर जाते.

लादीकाम
दोन ऑडिट वेगळं बोलत असतील तर महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती असते, तिच्याकडे प्रकरण जातं. त्यामुळे तुम्ही चाळवाले मिळून आपला एक इंजिनिअर नेमा. ४२ खोल्या असतील तर खर्च प्रत्येकी फार येत नाही. मी गिरगावात पुढच्या गुरुवारी आहे, हवं असेल तर चहाच्या मोबदल्यात पेचकस टोचून जातो. रिपोर्ट नाही देणार, नजर देईन.

खोली_नंबर_२३
सर, नक्की या. चहाबरोबर आईच्या हातचे थालीपीठही आहे.

आगाऊ_कार्टं
मी पण इंजिनिअर आहे. (कॉम्प्युटर.)

खोली_नंबर_२३
अपडेट. तीन आठवडे लिहायला जमलं नाही.

लादीकाम सर आले. पेचकस मोरीच्या भिंतीतल्या तुळईत मुठीपर्यंत गेला. पुतण्याही हजर होता, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. सरांनी त्याला सांगितलं, 'इमारत पाडायला झालेली नाही, पण ही रांग उघडावी लागेल, तिन्ही मजल्यांची. या नऊ खोल्यांत माणूस नको.' म्हणजे बाकी ३३ बिऱ्हाडांना हलायचं काही कारणच नाही! दुसऱ्या मजल्यावरच्या ज्या चौघांनी सह्या केल्या होत्या, त्यातले तिघे दुसऱ्या बाजूचे निघाले. आता ते वकिलाकडे धावलेत.

ऑडिट रिपोर्ट शेवटी मिळाला. शेवटच्या पानावर सी-२ए आहे. सी-१ कुठेच नाही. पत्रात टाइप करताना चूक झाली म्हणे.

नाना, मी, पुतण्या आणि दोन्हीकडचे वकील बसलो. नवा कागद झाला. 'स्वेच्छेने ताबा सोडत आहे' गेलं. आता आहे 'दुरुस्तीच्या कालावधीपुरता तात्पुरता ताबा देत आहे, भाडेहक्क अबाधित'. काम सुरू करायची तारीख आहे, संपवायची तारीख आहे. उशीर झाला तर दरमहा पैसे आहेत, आकडा फार नाही, पण आहे. कायद्यात मधल्या काळाचं भाडं मालकाने द्यायचं असं नाही, ते मागून घ्यावं लागलं. मोजमापाचा नकाशा जोडलाय. त्यावर भांडण झालंच. मोरीचा कट्टा धरायचा की नाही यावर पाऊण तास गेला. आई म्हणाली, 'चाळीस वर्षं त्या कट्ट्यावर भांडी घासली, तो माझाच.' धरला. १६१ चौरस फूट भरली. परवा नोंदणीला जायचंय.

आई कालपासून विरारला आहे. इथे खिडकीतून कुणी दिसत नाही ही तिची तक्रार. पॅसेजमधल्या टेकूला बांधलेली दोरी सोडून घेऊन आलीय, म्हणते, विकत कशाला आणायची.

मालकही_माणूस
असा कागद पहिल्याच दिवशी पाठवला असता तर पुतण्याचे तीन आठवडे आणि वकिलाचे पैसे वाचले असते. मी माझ्या चाळीसाठी मसुदा मागितला तर द्याल का? नावं खोडून.

खोली_नंबर_२३
नानांना विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पायरीकाका, नोंदणीआधी शेवटची एक शंका. भाडेपावती अजून बाबांच्याच नावाने येते. बाबा जाऊन ११ वर्षं झाली. करारावर सही आईची. चालेल ना?

कोर्टाची_पायरी
अरे देवा. हे पहिल्या प्रतिसादात सांगायचं असतं!

चालेल, पण थांब. भाडेकरू वारला की त्या वेळी त्याच्याबरोबर राहणारं कुटुंबातलं माणूस भाडेकरू होतं, कलम ७(१५)(डी). आई बाबांबरोबर राहत होती, म्हणजे हक्क तिचा आहेच, फक्त पावतीवर चढला नाही. आता मला सांग, नव्या करारात आईच्या नावापुढे काय लिहिलंय? 'ताबाधारक' की 'भाडेकरू'?

खोली_नंबर_२३
बघून सांगतो.

'श्रीमती अमुक, भाडेकरू, खोली क्र. २३.' मसुदा पुतण्याच्या वकिलाने टाइप केलाय.

कोर्टाची_पायरी
मग कुणाला काही बोलू नकोस. परवा सकाळी लवकर जा, रांग मोठी असते. आणि बाबांचा मृत्यूचा दाखला बरोबर ठेव.